ज्येष्ठ मतदाराची साक्ष

निवडणुकांचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे एक ठरावीक रीत आहे. कोणता पक्ष विजयी झाला, कोणाचे मंत्रिमंडळ आले, कोणाची अनामत रक्कम जप्त झाली, अशा याद्या एकापुढे एक मांडल्या की तो इतिहास पुरा झाला असे मानले जाते. ज्याने मत दिले तो माणूस या इतिहासात येतो तो केवळ आकड्याच्या रूपाने. आणि तरीही या देशात आजही असे काही स्त्री-पुरुष आहेत, ज्यांनी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले होते. त्या निवडणुकीची मतदार यादी १९५० साली वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्यांची होती. म्हणजे आज ही माणसे पंच्याण्णवीच्या पुढची असणार. त्यांची संख्या दर वर्षी घटत आहे. त्यांनी काय पाहिले, आणि आपल्या नातवंडा-पतवंडांकडे पाहताना त्यांना काय वाटत असेल, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभ हिमालयातील एका गावापासून करणे योग्य ठरेल. सतलजच्या खोऱ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेनऊ हजार फुटांवर, किन्नर कैलासाच्या समोर चिनी नावाचे गाव होते. आज त्याला कल्पा म्हणतात, आणि ते हिमाचल प्रदेशाच्या किन्नौर जिल्ह्यात येते. हिवाळा सुरू झाला की तेथील वाटा बर्फाखाली जातात. देशातील बहुतेक मतदान १९५२ च्या आरंभी व्हावयाचे होते. पण तोवर थांबले असते तर चिनीच्या लोकांना मतदान करताच आले नसते. म्हणून २५ ऑक्टोबर १९५१ रोजी तेथे मतदान घेण्यात आले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतील पहिली मते अशी पडली, ती दिल्लीत नव्हेत, कलकत्त्यात नव्हेत, तर हवामानाच्या सक्तीमुळे एका डोंगरी तहसिलीत.

त्या दिवशी सकाळी श्यामसरन नेगी नावाचे ३४ वर्षांचे एक शाळामास्तर घाईने मतदान केंद्रावर आले. त्यांची स्वतःचीच नेमणूक दुसऱ्या गावी निवडणुकीच्या कामावर झाली होती. तेथे चालत पोहोचावयाचे होते. तेव्हा आधी आपल्या गावचे मत देऊन मग कामाला निघावे, असा साधा हिशेब त्यांनी केला. देशातील पहिला मतदार होण्याची कल्पनाही त्यामागे नव्हती. मत दिले, आणि मास्तर वाटेला लागले. पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर निवडणूक विभागाने जुनी कागदपत्रे चाळली, आणि तेव्हा कुठे या गोष्टीची नोंद झाली. २०१० साली तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त नवीन चावला कल्प्याला जाऊन त्यांना भेटले. तोवर मास्तर नव्वदी ओलांडून गेले होते, आणि त्यांनी एकही निवडणूक चुकवलेली नव्हती.

त्या पहिल्या निवडणुकीची जुळवाजुळव कशी झाली हे आजच्या तरुणांनी थोडे खोलात जाऊन वाचावे असे आहे. १९३५ च्या कायद्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात मताचा अधिकार तीन ते साडेतीन कोटी लोकांपुरता होता, आणि तोही मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटीवर. घटना समितीने या साऱ्या अटी एका फटक्यात काढून टाकल्या. जम्मू-काश्मीर वगळता यादीत १७ कोटी ३२ लाख नावे आली. १९५१ च्या जनगणनेप्रमाणे देशात शंभरांतील सुमारे अठरा माणसांना लिहितावाचता येत होते. उमेदवाराचे नाव वाचता न येणाऱ्या माणसाने मत कसे द्यावे, या प्रश्नाला पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी दिलेले उत्तर पेटीचे होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, आणि प्रत्येक पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाला जावे, पेट्या पाहाव्यात, आणि मतपत्रिका आपल्याला पाहिजे त्या चिन्हाच्या पेटीत टाकावी. खूण करणे नाही, लिहिणे नाही. यासाठी सुमारे पंचवीस लाख पोलादी पेट्या बनवाव्या लागल्या. याद्या टंकलिखित करण्यासाठी साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या मुदतीवर नेमले गेले. मतदान म्हणजे काय हे लोकांना कळावे म्हणून खऱ्या मतदानाआधी गावोगाव लुटुपुटीची मतदाने घेण्यात आली. सेन हे मूळचे गणिताचे विद्यार्थी. परंतु त्यांच्यापुढचे गणित संख्येपेक्षा स्वभावाचे अधिक होते.

त्यातले सर्वांत अवघड गणित नावाचे ठरले. याद्या करणारे लोक घरोघर गेले तेव्हा अनेक ठिकाणी, विशेषतः उत्तर भारतात, स्त्रियांनी आपली नावे सांगितली नाहीत. परक्या पुरुषापुढे आपले नाव उच्चारू नये असा रिवाज होता. मग यादीत ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी झाल्या. आयोगाने अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला. मतदार हा कोणाचा तरी कोणी म्हणून मतदार होत नाही, तो स्वतःच्या नावाने होतो, हे त्यामागचे सूत्र होते. नावे दुरुस्त करण्यास संधी देण्यात आली, बिहारमध्ये मुदतही वाढवून देण्यात आली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे शेवटी यादीतून गळाली.

या निर्णयाला कठोर म्हणता येईल, आणि त्या काळी तसे म्हटलेही गेले असेल. अठ्ठावीस लाख नागरिकांना त्यांच्या हक्कापासून दूर ठेवणे ही काही लहान गोष्ट नव्हे. तथापि आयोग नमला असता तर ‘अमक्याची बायको’ ही नोंद किती पिढ्या टिकली असती याचा विचार करावा. त्या स्त्रियांपैकी कित्येकींच्या नाती आज मतदान केंद्रावर अधिकारी म्हणून टेबलामागे बसतात आणि आलेल्या माणसाला त्याचे नाव विचारतात. आजीच्या नावाचा जो संकोच होता तो नातीच्या कामाचा भाग झाला. एवढे मोठे अंतर एका घरात दोन पिढ्यांत तुटले, आणि त्याचा गाजावाजा मात्र कोणी केला नाही.

येथे ज्येष्ठ मतदारांच्या एका लाडक्या समजुतीकडे वळले पाहिजे. ती समजूत अशी: आमच्या वेळी लोक निवडणुकीला सणासारखे मानीत, पहाटे उठून, न्हाऊनमाखून मताला जात, आणि आताच्या मुलांना त्याचे काही सोयरसुतक नाही. या बोलण्यात आठवणीचा गोडवा आहे. आकड्यांचा आधार मात्र नाही. १९५१-५२ साली शंभरांतील सुमारे पंचेचाळीस मतदारांनी मत दिले; म्हणजे निम्म्याहून अधिक लोक घरीच राहिले. १९६२ साली पुरुषांचे मतदान शेकडा ६३ च्या वर होते, तर स्त्रियांचे शेकडा ४७ सुद्धा भरले नव्हते. २०१९ साली एकूण मतदान शेकडा ६७ च्या वर गेले आणि स्त्रियांनी पुरुषांना किंचित मागे टाकले. २०२४ साली एकूण प्रमाण ६६ च्या आसपास आले, पण स्त्रियांची आघाडी टिकून राहिली. सण पूर्वी होता हे खरे मानले, तरी घरातील निम्मी माणसे त्या सणाला गेलीच नव्हती.

गेलेल्यांपैकीही सगळेच आपल्या मनाने गेले होते असे नाही. गावच्या मोठ्या घरातून निरोप यावा आणि वाडीच्या वाडी त्या चिन्हाकडे जावी, घरच्या कर्त्या पुरुषाने चिन्ह सांगावे आणि सुनांनी मान डोलवावी, दलित वस्तीतील माणसांना केंद्राच्या वाटेवरच अडवावे, हेही त्याच काळातले आहे. कायद्याने मत गुप्त केले होते. पण आडोशाच्या आत जाणाऱ्या माणसाच्या मनात दुसऱ्याचा आवाज असेल तर कायदा तेथे काय करणार? पुढील काळात तर कित्येकांना केंद्रावर गेल्यावर ‘तुमचे मत होऊन गेले’ असे ऐकावे लागले. अशा वेळी आपली ओळख पटवून मतपत्रिका मागता येते आणि ते मत वेगळ्या पाकिटात ठेवले जाते, ही तरतूद नियमांत आहे. ती माहीत असणारे थोडे, आणि गर्दीसमोर उभे राहून ती मागणारे त्याहून थोडे. मतदान केंद्र बळकावणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कायद्यात १९८९ साली आला. श्रोत्यांमध्ये ज्यांचे केस पिकले आहेत त्यांनी हेही आठवावे. सोयीचे तेवढेच आठवणे ही म्हातारपणाची एक सवय आहे, आणि ती लोकशाहीत महाग पडते.

मग ज्येष्ठ मतदाराजवळ असे काय आहे जे तरुणाजवळ नाही? त्याच्याजवळ तुलना आहे. ज्याला मत नव्हते आणि नंतर मिळाले, त्याला मत ही मिळालेली वस्तू वाटते. जो जन्मतःच त्या हक्कात वाढला त्याला ती हवेसारखी वाटते. १९१७ साली जन्मलेल्या माणसाने आयुष्याची पहिली तीस वर्षे परक्या राज्याची किंवा संस्थानिकाची प्रजा म्हणून काढली होती. त्यापुढच्या पिढीकडे दुसरी एक तुलना आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, लोकसभेची मुदत वाढवण्यात आली, आणि निवडणूक होईल की नाही याची खात्री उरली नाही. मार्च १९७७ मध्ये मतदान झाले तेव्हा सत्तारूढ पक्ष केंद्रात प्रथमच पराभूत झाला आणि खुद्द पंतप्रधानांना रायबरेलीत हार पत्करावी लागली. कोणाला त्या निकालाचा आनंद झाला, कोणाला दुःख. पण मत दिल्याने सरकार जाते, आणि जाणारे सरकार मुकाट्याने जाते, हे त्या पिढीने पुस्तकात वाचलेले नाही. ते डोळ्यांनी पाहिलेले आहे.

तरुणांच्या बाजूनेही काही गोष्टी बोलल्या पाहिजेत. १९८९ पर्यंत मताचे वय २१ होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते १८ वर आणले आणि त्या वर्षीची लोकसभा निवडणूक हा पिढ्यांच्या हिशेबातला एक विलक्षण प्रसंग ठरला. त्याआधीची लोकसभा निवडणूक १९८४ अखेरची. तेव्हा ज्याची एकविशी जेमतेम हुकली तो १९८९ साली २६ वर्षांचा झाला होता. म्हणजे एकाच घरातील २६ वर्षांचा थोरला भाऊ आणि १८ वर्षांची धाकटी बहीण या दोघांनी लोकसभेसाठीचे आपले पहिले मत एकाच दिवशी दिले असणे सहज शक्य होते. तोवर घरात मताचा मान वयाने येई: आधी वडील, मग थोरला मुलगा, मग बाकीचे. त्या वर्षी ही उतरंड मोडली. घरात पाच-सहा मते झाली आणि प्रत्येक मताला आपापले मालक मिळाले. अनेक ज्येष्ठांना नव्या पिढीचा जो उद्धटपणा वाटतो त्याची सुरुवात कदाचित तेथे असावी. नातू ऐकत नाही ही तक्रार, थोडे निराळ्या बाजूने पाहिले तर, गुप्त मतदानाचा कायदा घरात शिरल्याची पावती आहे.

मत कसे द्यायचे यातही पिढ्या वेगळ्या झाल्या. ज्येष्ठ मतदार चिन्हावर वाढला. बैलजोडी, झोपडी, पणती, कणीस आणि विळा, वटवृक्ष ही त्याची अक्षरमाला होती. पक्ष फुटले, चिन्हे गोठवली गेली, बैलजोडी जाऊन गायवासरू आले आणि मग हाताचा पंजा आला, तेव्हा कित्येक म्हाताऱ्या मतदारांना आपलाच पक्ष परका झाल्यासारखे झाले. तरुण मतदार वाचतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनंतर २००३ पासून उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रात जाहीर करावे लागतात. हातातल्या फोनवर ते प्रतिज्ञापत्र पाहून आजोबांच्या आवडत्या उमेदवारावरील खटले जेवताना मोठ्याने वाचून दाखवणारी नात आता पुष्कळ घरांत आढळते. आजोबांना राग येतो. त्यांच्या मते माणूस ओळखीने कळतो, कागदाने नव्हे. या वादात दोघांचेही काही खरे आहे. त्याच फोनवर त्याच नातीला खोटी बातमीही तितक्याच वेगाने येते, आणि ती ओळखण्याचे शिक्षण कोणी फारसे दिलेले नाही.

पेटीची जागा मतपत्रिकेवरील शिक्क्याने घेतली ती १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून. फुलीचा शिक्का दोन चौकटींच्या मध्ये पडला की मत बाद होई, आणि थरथरत्या हातांची मते अशीच वाया जात. मग यंत्र आले. १९ मे १९८२ रोजी केरळातील परवूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. कायद्यात यंत्राची तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान रद्द ठरवले. १९८९ मध्ये कायदा बदलला. आणि २००४ साली संपूर्ण लोकसभा निवडणूक यंत्रांवर झाली. ज्येष्ठांची कुरकुर अशी की बटण दाबल्यावर हातात काहीच राहत नाही, कागद घडी करून पेटीत टाकल्याचे समाधान नाही. पुढे यंत्राला कागदी पडताळणीची जोड मिळाली. दिलेल्या मताची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि खाली पडते. कागद परत आला, पण काचेच्या पलीकडे.

बदलली नाही ती शाई. डाव्या हाताच्या तर्जनीवर लागणारी ही जांभळट खूण म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून १९६२ पासून येत आहे. पूर्वी नखाच्या मुळाशी ठिपका लावीत. २००६ पासून नखावरून पहिल्या पेऱ्यापर्यंत रेघ ओढतात. ज्येष्ठ माणसे ते बोट फारसे दाखवीत नाहीत, तरुण त्याचे छायाचित्र काढून मित्रमंडळींना पाठवतात. याला कोणी उथळपणा म्हणतात. पण ज्या हक्काची फुशारकी मारावीशी वाटते तो हक्क अजून मेलेला नाही, एवढे तरी त्यातून कळते.

खरा गंभीर प्रश्न वेगळाच आहे, आणि तो ज्येष्ठांच्या तक्रारीत सहसा येत नाही. कायद्याप्रमाणे माणूस जेथे सर्वसाधारणपणे राहतो तेथे त्याचे नाव यादीत असते. आजोबांचे केंद्र गावच्या शाळेत. अर्ध्या कोसाची चाल. नातू मात्र पोटासाठी सुरतेला, तिरुप्पूरला किंवा दिल्लीच्या उपनगरात. नाव गावच्या यादीत. शहरात भाड्याच्या खोलीत दर वर्षा-दोन वर्षांनी पत्ता बदलणारा. मतासाठी गावी जायचे तर दोन रात्रींचा प्रवास, तीन-चार दिवसांची मजुरी बुडवायची, आणि मालकाने रजा दिली तर. कायद्याने मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळते. प्रवासाचे दिवस तिच्यात बसत नाहीत. अशा तरुणांना दुरून मत देता यावे म्हणून आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेऊ शकेल अशा यंत्राचा नमुना जाहीर केला. परंतु राजकीय पक्षांचे त्यावर एकमत झाले नाही आणि २०२४ ची निवडणूक त्याविनाच पार पडली. चिनीच्या मतदारासाठी १९५१ साली राज्ययंत्रणेने बर्फाचे वेळापत्रक पाहून तारीख बदलली होती. स्थलांतरिताच्या वेळापत्रकाकडे पाहून असे काही बदललेले नाही. मत न देणाऱ्या तरुणाला बेफिकीर ठरवण्याआधी तो कोणत्या गावच्या यादीत आहे आणि त्या दिवशी कोणत्या गावी होता, एवढे तरी विचारले पाहिजे.

उलट वृद्धांच्या बाबतीत यंत्रणा आता दारापर्यंत येते. २०२४ च्या आरंभी मतदार यादीत ८५ वर्षांवरील सुमारे ८२ लाख नावे होती, आणि शंभरी गाठलेली २ लाख १८ हजार. त्याच यादीत १८ आणि १९ वर्षांचे १ कोटी ८४ लाख नवे मतदार होते. प्रथम ८० वर्षांवरील आणि २०२४ पासून ८५ वर्षांवरील मतदारांना, तसेच ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्यांना, घरी बसून टपाली मतपत्रिकेने मत देता येते. त्यासाठी विहित अर्ज भरावा लागतो. अर्ज मंजूर झाला की नियोजित दिवशी अधिकारी घरी येतात, बरोबर पोलीस असतो, चित्रीकरण करणारा असतो. पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात. घरच्यांना बाजूला व्हायला सांगतात. म्हातारा माणूस त्या आडोशामागे खूण करतो, पाकीट बंद होते, पथक पुढच्या घरी जाते.

ही सोय मानवी आहे यात शंका नाही. पण तिच्यात एक नाजूक जागाही आहे. मतदान केंद्रावर माणूस घरापासून सुटलेला असतो. तेथे तो कोणाचा बाप नसतो, कोणाची सासू नसते. घरात मात्र पथक येण्याआधीची सकाळ आहे, औषध देणारा हात आहे, चष्मा शोधून देणारी सून आहे, आणि आजवर स्वतः सर्वांना चिन्ह सांगणारा म्हातारा आता सर्वांवर अवलंबून आहे. पूर्वी तो सुनेला सांगत असे. आता सून त्याला काय सांगते? आडोसा पुठ्ठ्याचा असला तरी त्याचा मान राखण्याची जबाबदारी आता तरुणांवर आहे. ज्यांनी स्वतःच्या मतासाठी घरात स्वातंत्र्य मिळवले त्यांनी ते घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला द्यावयाचे आहे.

आणि काही वृद्धांना ही सोय नको असते. त्यांच्या लेखी मत म्हणजे केवळ निवड नव्हे. घरातून उठणे, चालणे, रांगेत उभे राहणे, चार माणसांना दिसणे, हे सारे मतात येते. रांगेत ज्याच्या पुढे आणि मागे कोणीही असू शकते अशी जागा आपल्या समाजात फार नाहीत. रेल्वेच्या तिकिटालाही निराळ्या खिडक्या असतात.

श्यामसरन नेगी याच मताचे होते असे दिसते. १९५१ पासून २०१९ पर्यंत लोकसभेच्या सतरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या, शिवाय विधानसभेच्या आणि पंचायतीच्या. मे २०१९ मध्ये, १०२ वे वर्ष पुरे होत आले असता, ते कल्प्याच्या शाळेतील केंद्रावर गेले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये हिमाचल विधानसभेची निवडणूक जाहीर झाली तेव्हा घरून मत देण्याचा अर्ज त्यांच्याकडे आला. केंद्रावर जाऊनच मत देण्याचे सांगून त्यांनी तो परत केला. पण प्रकृती ढासळत गेली. शेवटी २ नोव्हेंबर रोजी अधिकारी त्यांच्या घरी गेले. मास्तरांनी टपाली मतपत्रिकेवर खूण केली, पाकीट बंद झाले, बोटाला शाई लागली. त्यांचे ते चौतिसावे मत असल्याची नोंद आहे.

५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले, आणि मुख्य निवडणूक आयुक्त स्वतः कल्प्याला आले. राज्यातील इतरांचे मतदान १२ नोव्हेंबरला झाले. मोजणी ८ डिसेंबरला होती. तोपर्यंत ते पाकीट इतर टपाली मतांबरोबर मोहोरबंद होते, जशी एकाहत्तर वर्षांपूर्वी चिनीची मते उरलेल्या देशाची वाट पाहत पेटीत होती.